पुण्यात कुटुंबासह राहायला येताना: भाड्याच्या घरासाठी भाग कसा निवडावा

पुण्यात घर शोधताना बहुतेक जण आधी फ्लॅट पसंत करतात आणि मग त्या भागाशी जुळवून घेतात. बाल्कनी, मॉड्युलर किचन, नवीन लिफ्ट बघून टोकन दिलं जातं. शाळेची व्हॅन तिकडे येत नाही, उन्हाळ्यात टँकरवर भागतं, ऑफिसला जायला एकच रस्ता आहे, हे सगळं सामान उतरल्यावर कळतं. फ्लॅट अकरा महिन्यांनी बदलता येतो, पण मुलांची शाळा वर्षाच्या मध्ये बदलणं फार जड जातं. म्हणून नागपूर, लातूर, जळगाव, सोलापूर किंवा कोकणातून कुटुंबासह येणाऱ्यांनी शाळा, पाणी, रस्ता आणि मग भाडं, या क्रमाने निवड करावी. ऑफिस कुठे आहे हे आधी माहीत करून घ्यायचंच, पण ते या यादीत का नाही, ते पुढे येईलच.

पायरी १: कामाचं नेमकं गेट विचारून घ्या

नेमणूक पत्रात ‘पुणे’ एवढंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात काम हिंजवडीत असू शकतं, खराडीत, तळवड्यात, चाकणला किंवा थेट रांजणगावला. हिंजवडी म्हटलं तरी फेज १ आणि फेज ३ यांच्यात गर्दीच्या वेळी वेगळाच प्रवास होतो. एचआरला तीन गोष्टी विचारा: कोणतं गेट, कोणती शिफ्ट आणि कंपनीची बस आहे का. बस असेल तर तिच्या थांब्यांची यादी मागवून घ्या. चाकण, भोसरीच्या कारखान्यांमध्ये तर ही यादीच अर्धा निर्णय करून टाकते. थांब्यापासून दहा मिनिटांच्या चालीवर घर मिळालं की कमावत्या माणसाचा प्रश्न सुटतो आणि बाकीचा विचार घरातल्या इतरांसाठी करता येतो.

कामाच्या ठिकाणानुसार साधारण हे भाग नजरेसमोर ठेवा.

हिंजवडीसाठी मुळा नदीच्या एका बाजूला वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख येतात, तर दुसऱ्या बाजूला बाणेर, बालेवाडी, म्हाळुंगे, सूस, बावधन. नकाशावर हे सगळे शेजारी दिसतात, पण नदीच्या अलीकडे पुणे महापालिका आणि पलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका आहे. पाणी, कचरा, करआकारणी सगळं वेगळं. वाकडच्या बाजूने येणाऱ्यांची गाडी भूमकर चौक किंवा शिवाजी चौकात अडकते, तर बाणेर-बालेवाडीकर बऱ्याचदा म्हाळुंगे-माण रस्त्याने जातात. चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून कोथरूड, बावधनहून निघणं सोपं झालं आहे, पण हिंजवडीच्या तोंडाशी सगळे एकत्रच येतात.

खराडीसाठी वडगाव शेरी, चंदननगर, विमाननगर, केशवनगर-मुंढवा, हडपसर-मगरपट्टा. वाघोली स्वस्त पडते, पण नगर रस्ता हाच तिचा मुख्य आधार आहे. त्या रस्त्यावर एखादा ट्रक बंद पडला की सगळी सकाळ गेली. चाकण, तळवडे, भोसरीसाठी मोशी, चिखली, इंद्रायणीनगर, निगडी प्राधिकरण. शिवाजीनगर, डेक्कन, स्वारगेट परिसरातल्या सरकारी कचेऱ्या, बँका, रुग्णालयांत काम असेल तर कोथरूड, कर्वेनगर, औंध किंवा मेट्रोच्या कडेने दापोडी, कासारवाडी, पिंपरी.

मेट्रोच्या दोन मार्गिका नवख्यांना फार उपयोगी आहेत: पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी. दोन्ही जिल्हा न्यायालय (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) स्थानकात एकमेकींना मिळतात. नवरा-बायको दोघं शहराच्या दोन टोकांना कामाला असतील तर कुठल्याही एका टोकाला घर घेऊ नका, या मार्गिकांच्या कडेला घ्या. मात्र एक पथ्य पाळा. ज्या मार्गावर आज गाडी धावते आहे तोच हिशेबात धरा. ‘पुढच्या वर्षी इथून मेट्रो जाणार’ हे घर विकत घेणाऱ्याने ऐकायचं असतं. अकरा महिन्यांच्या भाडेकरूच्या वाट्याला त्यातलं फक्त खोदकाम येतं.

पायरी २: शाळा आधी, फ्लॅट नंतर

मोठा माणूस तासभर प्रवास सहन करतो. सहा वर्षांचं मूल सकाळी सहाला उठून व्हॅनमध्ये पाऊण तास बसलं तर आजारी पडतं, आणि त्याच्याबरोबर आईचा सगळा दिवस विस्कटतो. म्हणून प्रवास कुणाच्या तरी वाट्याला येणारच असेल तर तो कमावत्या माणसाने घ्यावा आणि घर शाळेजवळ असावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. ऑफिसला क्रमात जागा दिली नाही ती म्हणूनच.

कामाला सुरुवात अशी करा. मूल कोणत्या मंडळात आणि कोणत्या माध्यमात शिकतं त्याप्रमाणे चार-पाच शाळा निवडून फोन करा. ‘प्रवेश सुरू आहे का’ असं मोघम विचारू नका. ‘पाचवीत जागा आहे का, किती, आणि दाखला कधीपर्यंत चालेल’ असं विचारा. मधल्या इयत्तांमध्ये कुणी शाळा सोडली तरच जागा होते. नामांकित शाळांचे लहान गटाचे प्रवेश आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास सुरू होतात. बऱ्याच सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आणि विदर्भातून येणाऱ्यांनी इथे सावध राहावं, कारण उन्हामुळे तिकडच्या शाळा उशिरा उघडतात आणि तोच अंदाज मनात धरून आलं की पुण्यातले पहिले काही दिवस बुडतात. सेमी इंग्रजीची चांगली परंपरा पेठा, कोथरूड, निगडी प्राधिकरण या जुन्या भागांत आहे. नव्या वस्त्यांमध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळाच जास्त दिसतात.

जुन्या शाळेतून निघताना शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, आणि विद्यार्थ्याचा सरल (राज्याच्या शालेय नोंदीतला) व पेन (PEN, कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक) हे दोन्ही क्रमांक लिहून घ्या. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का, हे तिथेच तपासा. पुण्यात आल्यावर दुरुस्तीसाठी परत जावं लागतं.

शाळा नक्की झाली की गेटवर जाऊन व्हॅनकाकांना विचारा की ते कोणकोणत्या सोसायट्यांची मुलं नेतात. शाळेच्या कार्यालयापेक्षा ही माहिती जास्त खरी असते. त्यांचा मार्ग कागदावर काढा, त्या मार्गावरच्या सोसायट्या पाहा. आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याखालच्या राखीव जागांवर) प्रवेश हवा असेल तर घर ते शाळा अंतर महत्त्वाचं: एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी आणि तीन किलोमीटरपर्यंतच्यांना नंतर प्राधान्य मिळतं. रहिवासाचा पुरावा म्हणून भाडेकरार नोंदणीकृतच लागतो.

पायरी ३: पाणी

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. पुणे महापालिकेचं पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांच्या साखळीतून येतं, पिंपरी-चिंचवडचं पवना धरणातून. पूर्वेकडे वडगाव शेरी, खराडीच्या पट्ट्याला भामा आसखेडचं पाणी मिळतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरी बुद्रुक, किरकिटवाडी, नांदेड ही दुसऱ्या यादीतली. पत्ता महापालिकेचा झाला म्हणून नळाला महापालिकेचं पाणी पुरेसं येतंच असं नाही, आणि इमारत जितकी नवी तितका टँकरचा संभव जास्त.

हिशेब असा. शहरी माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे. चार जणांच्या घराला ५४० लिटर लागतात. शंभर फ्लॅटच्या सोसायटीला रोज ५४ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच ते सहा टँकर. यातलं महापालिकेचं किती आणि टँकरचं किती, हे कळलं पाहिजे. स्वतंत्र बंगल्याचा मजला किंवा गावठाणातलं घर घेत असाल तर टाकीचं माप पाहा. दिवसाआड पाण्याच्या भागात चौघांना दोन दिवसांसाठी १,०८० लिटर लागतात. गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रिकामी. दोन हजार लिटर हवीच.

‘पाण्याचा प्रॉब्लेम आहे का?’ या प्रश्नाला एजंट आणि मालक दोघंही ‘अजिबात नाही’ म्हणतात. त्याऐवजी सोसायटीच्या गेटवर वॉचमनला सहज विचारा, ‘काल टँकर किती आले?’ आत येणाऱ्या प्रत्येक टँकरची नोंद गेटवरच्या वहीत होते. शक्य असेल तर एप्रिल-मे महिन्यांची पानं बघा, कारण ऑगस्टमधल्या नोंदी पाहून काहीच कळत नाही. मग फ्लॅटमध्ये जाऊन बाथरूममधला शॉवर आणि नळाचं तोंड बघा. पांढरा खरखरीत थर असेल तर पाणी बोअरचं, जड आहे. त्याने गीझरची कॉइल, वॉशिंग मशीन आणि केस तिन्हींची वाट लागते. काही शे रुपयांचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) खिशात असू द्या. ५०० पर्यंतचा आकडा पिण्याच्या पाण्याला स्वीकारार्ह, त्यावर गेला तर प्यायला दुसरी सोय लागेल.

पण टीडीएस कमी म्हणजे पाणी निर्धोक, असं नव्हे. जंतू त्यात मोजले जात नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पुढे नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी परिसरात गुलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले, तेव्हा संशय दूषित पाण्यावरच गेला. घरात लहान मूल किंवा म्हातारी माणसं असतील तर पाणी कुठल्या स्रोताचं, क्लोरीन कोण टाकतं आणि जमिनीखालची टाकी शेवटची कधी धुतली, हे सेक्रेटरीला विचारायला संकोच करू नका.

गुरुवारची एक गोष्ट लक्षात ठेवा. दुरुस्तीसाठी पाणी किंवा वीज बंद ठेवायची तर पुण्यात बहुधा गुरुवार निवडतात. एक फेरी गुरुवारी मारली की सोसायटीची टाकी आणि लिफ्टचा जनरेटर किती टिकतात, ते दिसतं.

पायरी ४: पुराची जागा ओळखा

नदी-ओढ्याकाठचं घर उन्हाळ्यात फार छान दिसतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी भागात पाणी घरांत शिरलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत हाहाकार केला. नदीलगतच्या इमारतीसाठी निळी आणि लाल पूररेषा विचारा. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. कागद मिळाला नाही तर पार्किंगच्या भिंतीवर ओलीची आडवी रेघ आणि मीटरच्या पेट्या किती उंचावर बसवल्या आहेत, हे पाहा. तळमजला आणि पार्किंगमधली गाडी दोन्हींचा प्रश्न आहे.

नदीकाठची दुसरी अडचण डासांची. मुळा-मुठेत जलपर्णी साचली की फेब्रुवारीपासून उपद्रव वाढतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीच्या आकाशात डासांचे थवे वावटळीसारखे फिरताना दिसले होते. खिडक्यांना जाळ्या आहेत का, ते आधीच बघा. नसतील तर मालकाकडून बसवून घ्या.

पायरी ५: भाग चालून बघा, तोही कामाच्या दिवशी

रविवारी दुपारी पुण्यातला प्रत्येक रस्ता मोकळा असतो, म्हणून रविवारच्या पाहणीवर निर्णय घेऊ नका. एक फेरी सकाळी साडेआठ ते दहा, दुसरी संध्याकाळी सहा ते आठ. घराच्या गेटपासून ऑफिसपर्यंत स्वतः जा. मग घरापासून किराणा दुकान, मेडिकल, भाजी, बसथांबा इथपर्यंत पायी जा. लहान मुलाचा हात धरून हे अंतर चालता येईल का, फुटपाथ आहे का, रात्री दिवे लागतात का, एवढं तपासलं तरी अर्धे पर्याय गळतात. नव्या भागांत टॉवर उभे राहिले आहेत पण समोरचा डीपी रस्ता (विकास आराखड्यातला रस्ता) अर्धाच झाला आहे, अशी अवस्था बऱ्याच ठिकाणी आढळते. तिथे पावसाळ्यात स्कूल व्हॅन मुख्य रस्त्यावरच थांबते.

मुंबई-बंगळूर बायपासला लागून घर असेल तर मुलांना रस्ता ओलांडावा लागतो का, ते आधी बघा. नवले पुलाजवळचा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि रोजच्या शाळेसाठी तो ओलांडावा लागेल असं घर आम्ही तरी सुचवणार नाही. लोहगाव, धानोरी, विमाननगरला हवाई दलाच्या विमानांचा आवाज येतो. मोशीत कचरा डेपोच्या बाजूने वारा सुटला की वास येतो, तर म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रस्त्यावर लग्नसराईत लॉन्सची गर्दी असते. या गोष्टी दहा मिनिटांच्या भेटीत कळत नाहीत. आजूबाजूला घरकाम करणाऱ्या मावशींशी बोला. कुठल्या इमारतीत नळाचं पाणी बंद पडतं आणि कुठले भाडेकरू का सोडून गेले, हे त्यांना बरोबर माहीत असतं.

सासू-सासरे किंवा आई-वडील बरोबर असतील तर रात्री उघडं असणारं रुग्णालय, लिफ्टला बॅकअप आणि बसायला बाक असलेली बाग, एवढं बघा. कोथरूड, औंध, सहकारनगर, प्राधिकरण अशा जुन्या वस्त्यांत इमारती साध्या असतात, पण ज्येष्ठांना बोलायला माणसं आणि चालायला सावली मिळते. टॉवरमध्ये दिवसभर एकटे पडलेले आजोबा दोन महिन्यांत गावी परत जायचं म्हणतात.

पायरी ६: भाडं म्हणजे पूर्ण खर्च नव्हे

लांबचा फ्लॅट पाच हजारांनी स्वस्त वाटतो तेव्हा कागद-पेन घ्या. कारने रोज ४० किलोमीटर, महिन्याला २२ दिवस, लिटरला १२ किलोमीटर धरले तर सुमारे ७३ लिटर पेट्रोल लागतं. तेच घर जवळ घेऊन रोजचे १० किलोमीटर झाले तर १८ लिटर. फरक ५५ लिटरचा, आणि लिटर शंभराच्या वर असताना वाचलेले पाच हजार तिथेच संपले. व्हॅनचे वाढीव पैसे अजून धरलेलेच नाहीत.

भाडं बोलताना मेंटेनन्स धरून की वेगळा, टँकरची वर्गणी कोण भरणार, पाइप गॅसची जोडणी आहे का, पार्किंग कुठलं, हे एकाच बैठकीत ठरवा. पुण्यात डिपॉझिट बहुधा दोन-तीन महिन्यांचं आणि दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी असते. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जो ना-वापर आकार घेते तो मालकाने भरायचा असतो, आणि सहकारी सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

आत पाऊल न ठेवता टोकन पाठवू नका. ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, क्यूआर कोड पाठवतो’ ही खोट्या मालकांची फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. मालकाची खात्री करायला सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मिळकतकराची पावती आणि वीजबिल, तिन्हींवरचं नाव जुळवून पाहा.

पायरी ७: करार

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे असा भाड्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के असतं. २५ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट, ११ महिने असा करार असेल तर २,७५,००० अधिक ६,८७५, म्हणजे २,८१,८७५ रुपयांवर सुमारे ७०५ रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. घरी येऊन अंगठे घेणारा एजंट यापेक्षा खूप जास्त मागत असेल तर वरची रक्कम त्याच्या सेवेची आहे, हे समजून घासाघीस करा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्यायची असते, तीही मालकाकडून वेळेवर करून घ्या.

कराराचा मसुदा वाचताना लॉक-इन (करार मोडता येत नाही तो काळ) आणि नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का, बघा. रंगकामासाठी डिपॉझिटमधून किती कापणार, हे आकड्यात लिहून घ्या. ‘योग्य ती रक्कम’ असे शब्द नकोत. ताबा घेताना मीटर रीडिंग, भिंतींची ओल, गीझर, सिंक यांचे फोटो मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवा.

मुदतीचं गणित शाळेशी जुळवा. १ जूनला सुरू झालेला अकरा महिन्यांचा करार ३० एप्रिलला संपतो, परीक्षा झालेल्या असतात आणि सुट्टीत घर हलवता येतं. सप्टेंबरमध्ये आलात तर तोच करार जुलैअखेर संपेल, भर पावसात आणि शाळा सुरू असताना. अशा वेळी मालकाशी बोलून मुदत २० महिन्यांची करा, म्हणजे शेवट एप्रिलअखेर येतो. भाडेवाढ बाराव्या महिन्यापासून किती, ते त्याच करारात लिहून टाका. मुद्रांकाचा दर तोच राहतो आणि नोंदणीचा खर्चही एकदाच होतो.